कापलेलं हसू

शोभनाताई साळवेंना 'हं' चालत नसे. समोरचा बोलत असताना आपण सवयीने 'हं, हं, बरोबर' करत राहतो ना, ते. मुलाखत चालू असताना कुणाच्या तोंडातून 'हं' निघालं की ताई त्याच्या गुडघ्यावर चापट मारायच्या. बाहेर आलं की पुढचं ऐकून घ्यावं लागे.

"मान हलव ना. मान रेकॉर्ड होत नाही. तुझं 'हं' होतं, आणि मग ते त्या माणसाच्या वाक्याला गोचिडासारखं चिकटतं. काढायला गेलं की त्याची कातडी निघते."

मी खूप चापट्या खाल्ल्या. अजूनही ऑफिसात कुणी काही सांगायला लागलं की मी मुकाट मान हलवत बसते आणि लोकांना वाटतं, हिला काही पटलेलं दिसत नाही.

अंधेरीत वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची गल्ली. गल्लीत एक जुनं वाचनालय. तिथल्या फळ्यावर एकदा खडूने लिहिलेलं दिसलं : 'ध्वनिकथा गट. रविवारी दुपारी. ज्यांना ऐकता येतं त्यांनी यावं.' मी कुतूहलाने गेले. खोली भरलेली होती. समोर एक ठेंगणी, सावळी, केस बारीक कापलेली बाई सुती साडीत उभी होती. तिने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "बोलायला कुणाकुणाला आवडतं?"

जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले.

"मग तुम्ही निवेदन, सूत्रसंचालन, काय असेल ते दुसरीकडे शिका. इथे दुसऱ्याने बोलायचंय. लोकांना भेटायचं, विचारायचं, आणि त्यांच्याच आवाजातून गोष्ट जुळवायची. आपला आवाज त्यात शक्यतो नाहीच."

पुढच्या रविवारी आम्ही तिघंच उरलो. मी, बोरिवलीत लग्नाचे व्हिडिओ करणारा परेश, आणि निवृत्त नर्स उषा सावंत, मालवणकडच्या, मनाने मऊ आणि तोंडाने फटकळ. आम्हाला वाटलं, बाई निराश होतील. त्या खूश झाल्या. "चौघं बास. पाचवा आला की चहा कोण आणणार यावर चर्चा सुरू होते."

कामं त्यांनी तिथल्या तिथे वाटली. उषाताईंनी विचारायचं. परेशने रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळायचं आणि नंतर तुकडे कापून जोडकाम करायचं. मला म्हणाल्या, "तू बघायचं."

"काय बघायचं?"

"बोलणारा हाताने काय करतो, कधी नजर फिरवतो, कुठे थांबतो. विचारणाऱ्याला ते दिसत नाही, तो पुढच्या प्रश्नात असतो. चौघांनी मिळून केलेल्या कामात एकाने तरी रिकामं असायला पाहिजे."

ताई घाटकोपरला राहायच्या, मेट्रोने यायच्या. एकट्या होत्या. आईवडील जालन्याकडून कधीकाळी कामासाठी मुंबईत आलेले. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कॅसेटींनी भरलेलं कपाट. एका आजारपणात त्यांच्या डाव्या कानाने ऐकू येणं गेलं होतं. ते त्या लपवत नसत, उलट कुणी डावीकडे बसला तर त्याला हाताने धरून उजवीकडे आणून बसवायच्या. "मला एक कान कमी आहे," म्हणायच्या, "त्यामुळे मी फालतू काही ऐकत नाही."

त्यांचं बरंच आयुष्य गोरेगावच्या डबिंग स्टुडिओत गेलेलं. मालिकांमध्ये बाजार असतो, मोर्चा असतो, लग्नाचा मांडव असतो. त्या गर्दीचा गलबला माणसांकडूनच रेकॉर्ड करून घेतात. ताई त्या गर्दीत असत. भाजीवाली, मोलकरीण, रडणारी शेजारीण. एकदा परेशने सहज विचारलं, "ताई, एवढा मस्त आवाज, तुम्हाला मेन रोल नाही दिला कधी?"

"दिला की. एकदा." त्या हसल्या. "मुख्याध्यापिकेचा रोल होता. करणारी बाई आलीच नाही, स्टुडिओचं भाडं चालू. साहेब म्हणाले, कुणीतरी वाचा रे. मी वाचलं. सगळे ण, सगळे ळ, जिथल्या तिथे. साहेब काचेमागून अंगठा दाखवत होते. झकास, झकास. मग नाव लिहून घ्यायला आले. शोभना साळवे, राहणार घाटकोपरची अमुक चाळ. दुसऱ्या दिवशी कळलं, दुसऱ्या बाईकडून पुन्हा करून घेतलं. का, तर म्हणे उच्चार जरा 'तसे' वाटतात."

ताईंनी खांदे उडवले.

"आवाज पास झाला होता रे. आडनाव नापास झालं."

"मग तुम्ही काय केलंत?" उषाताईंनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी गर्दीत गेले आणि एवढ्या जोरात ओरडले, एवढ्या जोरात, की हिरॉइनचं वाक्य बुडालं. साहेब म्हणाले, बाई हळू. मी म्हटलं, गर्दी आहे साहेब, गर्दी हळू नसते."

वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव येत होता आणि कमिटीने आमच्या गटाला विषय दिला होता : 'आपली गल्ली'. आम्ही जुने रहिवासी, पहिला दवाखाना, गणपती मंडळ असं काय काय सुचवलं. ताईंनी खिडकी उघडली. वाचनालयाच्या फाटकासमोरच फुटपाथवर मासेवाल्या बसायच्या. दुपारचीही त्यांची 'ताजं म्हावरं, ताजे मासे' अशी हाकाटी चालू होती.

"गल्लीत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा आहे? मग बाकीचे कशाला शोधताय?"

तेव्हा गल्लीतल्या सोसायट्यांनी या बायकांना तिथून उठवावं म्हणून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला होता. वास येतो, पाणी सांडतं, गाड्या लावायला जागा नाही. अर्जावर वाचनालयाच्या कमिटीचीही सही होती. ताईंना हे माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. माहीत असणारच.

बायकांमध्ये हिराबाई सगळ्यात जुनी. खाडीपलीकडच्या मढची. सकाळी बोटीने वर्सोव्याला उतरायची, तिथून रिक्षाने टोपल्या घेऊन यायची. पहिली मुलाखत आम्ही वाचनालयाच्या खोलीत घेतली. पंखा बंद, खिडक्या बंद, समोर पाण्याचा ग्लास. हिराबाई ठेवणीतली साडी नेसून आली आणि सुरू झाली, "आम्ही कोळी लोक. समुद्र आमची आई. पिढ्यानपिढ्या..." अगदी स्वच्छ, पुस्तकी. उषाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी परेशला यंत्र बंद करायला सांगितलं.

"हिराबाई, हे कुणाला सांगितलं होतंत?"

"टीव्हीवाले आलते ना एकदा. त्यांना आवरलं व्हतं लय."

"त्यांना आवडलं असेल. आज राहू दे. उद्या आम्ही तुमच्याकडे येतो."

ती गेल्यावर आम्हाला म्हणाल्या, "हात रिकामे असले की माणूस भाषण करतो. तिच्या हातात कोयता असू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही फुटपाथवर बसलो. खाली बर्फाचं पाणी, वर रिक्षांचे हॉर्न. परेश म्हणाला, "वाट लागली ताई, इथे काय कप्पाळ रेकॉर्ड होणार?" ताईंनी त्याचा हात धरून माईक हिराबाईच्या गळ्यापाशी, अगदी जवळ नेला. "दूरवरून सगळंच ऐकू येतं. जवळ गेलास की तीच ऐकू येते." शिवाय कुणी बोलत नसताना त्यांनी नुसत्या त्या जागेचा आवाज बराच वेळ घेऊन ठेवला : पाणी, बर्फ फोडणं, लांबचा हॉर्न. पुढे दोन वाक्यांच्या मध्ये फट पडली तर ती बुजवायला तोच उपयोगी पडतो, हे मला नंतर कळलं.

हिराबाई बांगडे साफ करत बोलत होती. माशांच्या भावाचं, गिऱ्हाइकांचं, सुनेचं. उषाताईंनी अर्जाचं विचारलं. ती म्हणाली, "देव बघून घेल." आणि थांबली. उषाताई पुढचा प्रश्न घेऊन वाकल्याच होत्या. ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. कोयता चालू होता. खवले उडत होते. मी माझं काम करत होते. मला दिसलं, ती तोच बांगडा पुन्हा पुन्हा खरवडतेय.

मग ती म्हणाली, "अर्जावर पयली सई कोनाची हाय ठाव हाय? तिसऱ्या माल्यावरची. तिची पोर बालवाडीत जायची तवा माझ्या टोपलीजवल बसायची. मना मावशी बोलायची." कोयता थांबला. "तिला म्हावरं पायजे. मी नको."



त्यानंतरही ती काही बोलली, हसली, बाजूच्या बाईने काही तरी टोमणा मारला. आम्ही ऐकत होतो, पण आमचं मन त्या 'मी नको'वरच राहिलं होतं.

मग जोडकाम सुरू झालं. ते ताई सगळ्यांना मिळून करायला लावायच्या. कानाला एकट्याने काही लावून ऐकायची मनाई. मधोमध स्पीकर, चौघं गोल बसलेले, डोळे मिटलेले. फक्त ताईंचे डोळे उघडे, आणि ते आमच्या पायांवर. कुणाचा पाय हलला, खुर्ची करकरली, की त्या परेशला खूण करायच्या.

"इथे कंटाळलात. तोंडाने सांगायचा नाहीत, सभ्य आहात. पाय सभ्य नसतात."

पार्श्वसंगीत लावू का, असं परेशने विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. गोष्ट तयार झाली. शेवट 'तिला म्हावरं पायजे. मी नको' यावर, आणि नंतर नुसता बाजार.

महोत्सवाआधी कमिटीचे सेक्रेटरी कारखानीस ऐकायला आले. वाईट माणूस नव्हते. वाचनालयासाठी त्यांनी खरोखर खस्ता खाल्ल्या होत्या. पूर्ण ऐकलं, चष्मा पुसला.

"छान आहे. पण बाई, प्रसंग सोहळ्याचा आहे. पाहुणे येणार. त्यात हे सही वगैरे कशाला? गल्लीतल्या एका सभ्य कुटुंबाकडे बोट दाखवल्यासारखं होतं."

"नाव नाही घेतलं तिने."

"सगळ्यांना कळतं हो. आणि भाषा. काही शब्द कळतच नाहीत. माहिती आपल्या निवेदिकेकडून शुद्ध मराठीत सांगून घेऊ. त्यांच्या आवाजाची एखाददुसरी झलक ठेवा. चवीपुरती."

'चवीपुरती' ऐकल्यावर ताई उठल्या. आवाज मात्र चढला नाही.

"कारखानीस साहेब, तुम्हाला हिराबाईची हाक कळते ना? रविवारी पापलेट घेताना?"

"तो प्रश्न वेगळा."

"भाव कळतो, मग बाकीचं का नाही कळत?"

"हे पाहा, खोली संस्थेची आहे. कार्यक्रम संस्थेचा आहे. संस्थेला काही म्हणण्याचा अधिकार आहे की नाही?"

"आहे ना. खोली तुमची आहे. आवाज तिचा आहे. तुम्ही खोली ठेवा."

त्यांनी स्पीकरची वायर उपटली, गुंडाळली, पिशवीत टाकली. उषाताईंनी तेवढ्यात कारखानिसांना ऐकवलंच, "चवीपुरता तर मीठ घालतत, माणूस नाय." आम्ही चौघं फाटकाबाहेर पडलो. परेश वैतागला होता. "आता वाजवायचं कुठे, रस्त्यावर?"

"हो," ताई म्हणाल्या. "जिचं आहे तिला अजून कुठे ऐकवलंय?"

खरंच की. इतके दिवस आम्ही सगळ्यांना काय वाटेल याची चर्चा करत होतो. हिराबाईला काय वाटेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुपारी गिऱ्हाईक कमी असताना परेशने लग्नात लावायचा मोठा स्पीकर आणला. बायका टोपल्या धुता धुता ऐकू लागल्या. आपापले आवाज ओळखून एकमेकींना कोपरं मारू लागल्या. वाचनालयाच्या पायऱ्यांवर कारखानीस येऊन उभे राहिले; गेले नाहीत. 'तिला म्हावरं पायजे. मी नको.' नंतर नुसता बाजाराचा आवाज, आणि संपलं. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. आम्ही टाळ्यांची वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू.

हिराबाई उठली. "मना रडकी केली तुमी."

तिने स्पीकरकडे बोट दाखवलं.

"मी हसले ती कुठं गेली? मी त्याच्या म्होरं बोलले ना. आयकलं नाय तुमी? तुमच्या मशीनमदी हाय ते. काढा."

परेश हळूच ताईंना म्हणाला, "ताई, शेवट तिथेच भारी आहे. ते हसणं लावलं तर सगळा परिणाम जाईल."

"कुणावरचा परिणाम?" ताईंनी विचारलं.

त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"लाव ते."

परेशने लॅपटॉपमध्ये मूळ मुलाखत शोधली. स्पीकरमधून हिराबाईचं ते वाक्य पुन्हा आलं, थोडी शांतता, आणि मग मोठं, घसा भरून हसू. "पन येल ना उद्या! जाल कुठं? कागदावर सई केली म्हून सुरमयशिवाय ऱ्हानार काय? आनि मी देनार. चांगली निवडून देनार. वर सांगनार, आता सई कर बाय, म्हावरं चांगलं मिलालं म्हून!"

सगळा फुटपाथ हसला. हिराबाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

ताई तिच्यासमोर गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई, चुकलं. तो सेक्रेटरी तुम्हाला चवीपुरतं ठेवणार होता, आम्ही रडण्यापुरतं ठेवलं. एकच झालं." आणि आमच्याकडे वळून, "हे पुन्हा जोडायचं. त्या सोबत बसतील तेव्हाच."

मला ताई तेव्हा जितक्या आवडल्या तितक्या कारखानिसांना सुनावतानाही आवडल्या नव्हत्या. कमिटीसमोर जी बाई एक शब्द कमी करायला तयार नव्हती, तिने इथे आपलं सगळं जोडकाम भर बाजारात मोडून टाकलं.

हिराबाई आणि तिची शेजारीण बोरिवलीला परेशच्या दुकानात आल्या. मागे धबधब्याचं चित्र रंगवलेला पडदा, नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर बसून या दोघी परेशला हुकूम सोडत होत्या. "हितं कापू नको. मी दम घेतलाय तो ऱ्हाऊ दे." "ही खोकली ती ठेव, ती लय खोकते, लोकांना कलू दे." सुनेबद्दलचं मात्र हिराबाईने स्वतःहून काढायला लावलं. "घरातली भांडनं रस्त्यावर नको." आम्हाला तो तुकडा फार आवडला होता. ताईंनी परेशला मान हलवून खूण केली, आणि तुकडा गेला.

वॉर्ड ऑफिसात सुनावणी झाली. सोसायट्यांचे लोक एका बाजूला, मासेवाल्या दुसऱ्या बाजूला. अधिकारी म्हणाले, "तुमचं म्हणणं लेखी द्या." ताई उभ्या राहिल्या. "लेखी त्यांनी दिलंय साहेब. आमचं तोंडी आहे. ऐकावं लागेल."

"इथे अशी पद्धत नाही."

"मग आज पडेल."

त्यांनी स्पीकर टेबलावर ठेवलासुद्धा. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं, आणि ऐकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई समोरच होत्या. 'मावशी बोलायची' आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. हसण्याचा भाग आला तेव्हा खोलीतले बरेच जण हसले, आणि त्या बाईंनाही हसू आवरेना. त्या तोंडावर रुमाल धरून बसल्या. सही मात्र त्यांनी मागे घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सुरमई घ्यायला आल्या, असं हिराबाईने सांगितलं. ती म्हणाली, चांगली निवडून दिली.

निकाल धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. बायकांना गल्लीतून उठवलं नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड आणि पाण्याचा नळ देऊन तिकडे हलवलं. आम्ही पेढे आणले. ताईंनी पेढा घेतला, पण म्हणाल्या, "जिंकलो म्हणू नका. त्यांची जागा गेलीच. फक्त त्यांना न ऐकता नेता आलं नाही, एवढंच झालं."

आमच्या गटाला वाचनालयाची खोली पुन्हा मिळाली नाही. कारखानीस नंतर एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, "बाईंना सांगा, ऐकलं मी ते दुसरं. चांगलं झालंय." मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोंडावर सांग म्हणावं, खाऊन नाही टाकणार मी." पण ओठांच्या कोपऱ्यात हसल्या.

त्यानंतर हिराबाईनेच ताईंकडे यंत्र मागितलं. मढमध्ये तिच्या वयाच्या बायका होत्या, त्यांची गाणी, भांडणं, वादळात न परतलेल्या बोटींच्या गोष्टी. "तुमी कशाला विचारता? आमी आमाला विचारू." ताई कितीतरी दिवस हे वाक्य सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. उषाताई थोड्या दुखावल्या. आपण एवढं शिकलो आणि आता आपली गरज नाही. ताई म्हणाल्या, "अगं, गरज संपावी म्हणूनच तर शिकायचं."

त्यांची तब्येत तेव्हाच उतरू लागली होती. दम लागायचा. डॉक्टरांनी प्रवास कमी करायला सांगितलं होतं, आणि त्यांनी मढला जायचं सुरू केलं होतं. त्या हिवाळ्यात ताई वारल्या. घाटकोपरच्या त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा हिराबाई मढच्या बायकांना घेऊन आधीच येऊन बसली होती.

पण मला त्या आठवतात त्या वर्सोव्याच्या धक्क्यावरच्या. रविवारची सकाळ होती, मी त्यांना सोडायला गेले होते. बोटीत मोटरसायकली, भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं. हिराबाई आधीच आत बसून त्यांच्यासाठी जागा धरून होती. ताई यंत्राची पिशवी पोटाशी धरून चढल्या आणि मध्येच उभ्या राहिल्या. बोटवाला ओरडला, "ओ मावशी, बसून घ्या!" त्या बसल्या नाहीत. तो पुन्हा ओरडला. हिराबाईने पदर धरून खाली ओढलं. त्या बसल्या, आणि बोट सुटताच परत उठल्या. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण बोटवाला हात हलवून हलवून काहीतरी सांगत होता आणि त्याही हात हलवून हलवून त्याला उत्तर देत होत्या. बोट पैलतीराच्या अर्ध्या वाटेवर गेली तरी भांडण मिटलं नव्हतं. सगळी बोट बसलेली, आणि ताई उभ्या.